टू-सेव्हन माझा भाऊ होता

इराकमध्ये ब्रिटिश सैन्याचं दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा आमच्या कंपनीची नेमणूक बसरा शहराच्या कडेला एका बंद पडलेल्या कारखान्यात झाली. मी लान्स कॉर्पोरल होतो. काम सिग्नलरचं. पलटण गस्तीवर गेली की रेडिओ माझ्याकडे असे. अमोल प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई होता, लँड रोव्हरचा ड्रायव्हर. अमोल माझ्या काकांचा मुलगा.

लीड्समध्ये आमची दोन घरं एकमेकांना चिकटून होती. काका गेले तेव्हा अमोल चार वर्षांचा होता, मी सहा. त्या वर्षी माझ्या वडिलांनी मधली भिंत फोडून दार काढलं. कौन्सिलची परवानगी नंतर आली. तेव्हापासून स्वयंपाकघर एकच राहिलं आणि दुसऱ्या स्वयंपाकघरात आमच्या सायकली उभ्या राहू लागल्या.

भरतीला आम्ही एकाच सकाळी गेलो, एकामागोमाग उभे राहिलो, त्यामुळे आमचे आर्मी नंबरही लागोपाठचे आले. एका कंपनीत एकाच आडनावाचे दोघे असले की लष्कर त्यांना नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांनी ओळखतं. मी शिंदे टू-सिक्स. अमोल शिंदे टू-सेव्हन. सुट्टीवर घरी गेलो की अमोल माझ्या आईला सांगायचा, "मोठी आई, दादापेक्षा मी एक नंबर पुढे आहे." आईला ते खरंच बढतीसारखं काहीतरी वाटायचं.

कारखान्यातला दिवस ठरलेला असे. पहाटे गाड्यांची तपासणी, रेडिओ चेक, मग गस्त. उन्हं चढली की बूट काढून पंख्याखाली पडायचं. आम्ही दोघं बहुतेक इंग्रजीतच बोलायचो. मराठी दुसऱ्यांना कळू नये असं काही असलं तरच. माझ्या आईने मला बाराखडीपासून शिकवलं होतं आणि मी घरातली मराठी पुस्तकं वाचली होती. अमोलने त्यातलं काही केलं नाही. त्याच्या मराठीत लिंगाचा ताळमेळ कधी बसला नाही.

"दादा, माझी हेल्मेट बघितलास?"

"बघितलंस. माझं हेल्मेट."

"तुझं नाही रे. माझी."

मी बोट दाखवलं. हेल्मेट बॉनेटवर होतं.

त्या दिवशी दोन लँड रोव्हर एका पोलीस चौकीकडे निघाल्या. पहिली अमोल चालवत होता. मी दुसरीत कमांडरच्या मागे होतो. रस्ता नेहमीचा. कालव्यावरचा पूल ओलांडला आणि पहिल्या गाडीच्या उजव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, स्फोट झाला. आमच्या गाडीची काच आत आली. माझा डावा खांदा दारावर आदळला. डाव्या कानात एक शिट्टी सुरू झाली. ती अजून चालू आहे.

मी रेडिओवर बोललो. "हॅलो झिरो, धिस इज थ्री-थ्री. कॉन्टॅक्ट, आयईडी. वेट, आउट." झिरो म्हणजे तळावरची आमची ऑप्स रूम, थ्री-थ्री म्हणजे आम्ही, आयईडी म्हणजे रस्त्यात पेरलेला बॉम्ब. मग धावत पहिल्या गाडीपाशी गेलो. मागचे तिघे उतरले होते आणि चालत होते. अमोल सीटवर होता. मी त्याच्या मानेला हात लावला. ठोका लागला नाही. चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं.

रेडिओवर नाव घ्यायचं नसतं. आडनावाची पहिली दोन अक्षरं आणि नंबर सांगायचा. मी सांगितलं, "सिएरा हॉटेल टू-सेव्हन, टी-फोर." सिएरा हॉटेल म्हणजे एस आणि एच, टी-फोर म्हणजे मृत.

"थ्री-थ्री, झिरो. से अगेन लास्ट टू. टू-सिक्स ऑर टू-सेव्हन? ओव्हर."

"टू-सेव्हन. ओव्हर."

"थ्री-थ्री, आमच्या यादीत दोन सिएरा हॉटेल आहेत. कन्फर्म. ओव्हर."

"कन्फर्म. मी टू-सिक्स. टू-सेव्हन इज माय ब्रदर. ओव्हर."

 मग, "झिरो. रॉजर. आउट."

रेडिओवर नाती सांगायची नसतात. पण जे ऐकू येईल ते लॉगमध्ये लिहायचं हे ऑप्स रूममधल्या माणसाचं काम. त्याने 'ब्रदर' लिहिलं. तिथून तो शब्द माझ्यापुढे चालत राहिला. फील्ड हॉस्पिटलमध्ये माझा खांदा बांधत असताना एक क्लार्क आली. "तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं," ती म्हणाली. "सख्ख्या नातेवाइकासाठी कम्पॅशनेट लीव्ह मिळते. भाऊच ना?" मी हो म्हणालो. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही.

मला विमानाने घरी पाठवलं. अमोलला यायला वेळ लागला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरचे सोपस्कार होते. माझी रजा मात्र मी इंग्लंडला उतरलो त्या दिवसापासून मोजली जात होती. अमोल लीड्सला पोचेपर्यंत ती संपत आली होती. इराकहून आलेले पलटणीतले सहा जण पेटी खांद्यावर घेणार होते. माझा खांदा चालत नसल्यामुळे मी मागून चाललो. क्रिमेटोरियममध्ये पेटीवरचा झेंडा नीट घडी करून काकींच्या हातात दिला गेला. मग तिथल्या माणसाने विचारलं, बटण कोण दाबणार. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी काकी माझ्यापाशी आल्या. त्या लीड्सच्या एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये वीस वर्षं काम करत होत्या. मोठ्याने बोलण्याची त्यांना सवय होती. त्या दिवशी हळू बोलल्या.

"नितीन, अग्नी तू दिलास. आता तेरावा होईपर्यंत घरातून जाऊ नकोस."

"रजा संपतेय, काकी."

"मागून घे ना वाढवून. एवढं मोठं सैन्य आहे त्यांचं. तू एकटा नसलास तर काय बंद पडणार आहे?"

मी बराकीला फोन केला. बटालियन इराकमध्ये होती. मागे राहिलेल्या लोकांना रिअर पार्टी म्हणतात. तिचा कॅप्टन दुसऱ्या रेजिमेंटमधून नुकताच आलेला होता. त्याने अमोलला पाहिलं नव्हतं, मलाही नाही. त्याच्यासमोर फक्त कागद होते.

"शिंदे, तुझ्या भावाच्या फाइलमध्ये भावंडं नाहीत असं लिहिलंय."

"सर, तो माझ्या काकांचा मुलगा."

"म्हणजे कझिन. कझिनला ही रजा मिळत नाही. तू सख्खा भाऊ सांगून आला आहेस. उद्या सकाळी हजर हो, आपण बोलू."

मी गेलो नाही. तेराव्यापर्यंत घरीच राहिलो. मी फार देवधर्म करणारा नव्हतो, अजूनही नाही. पण ते घर सोडून जायला मला पाय उचलता आले नसते. मुंडण केलेलं डोकं घेऊन बराकीत गेलो तेव्हा गेटवरच्या सार्जंटने मला पाहिलं. "कोणाशी पैज हरलास?" त्याने विचारलं. मी कारण सांगितलं. त्याने बॅरियर उचलला आणि आपली टोपी काढून हातात धरली.

कॅप्टन वाईट माणूस नव्हता. त्याने मला बसायला सांगितलं. एक कागद पुढे केला. त्यावर टाइप केलं होतं की मृत सैनिक माझा भाऊ नव्हता आणि मी चुकीची माहिती दिली होती.

"सही कर," तो म्हणाला. "गैरहजेरीचं मी बघतो. थोडा दंड होईल, विषय संपेल."

"सर, तो माझा भाऊ होता."

"तुझी आई वेगळी, त्याची वेगळी."

"होय, सर."

"वडील वेगळे."

"होय, सर."

"मग?"

 मी पेन टेबलावर ठेवलं. तो कागद त्याच्या बाजूला परत सरकवला.

विनापरवाना गैरहजेरी आणि रजा मिळवण्यासाठी खोटी माहिती, असे दोन आरोप झाले. खोट्याचा आरोप जास्त जड असतो, कारण लष्करात तो चारित्र्याचा मानतात. माझ्या खांद्यासाठी आणि कानासाठी मेडिकल बोर्ड बसायचं होतं. त्याआधीच मला सोडलं. शेरा होता, 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड'. तुमच्या सेवेची गरज राहिलेली नाही.

सैन्यात नसलेल्यांसाठी हे सांगायला हवं. जखमी सैनिकाला वैद्यकीय कारणावरून सोडलं तर लष्कर त्याला आयुष्यभर पेन्शन देतं. माझ्यासारखा शेरा मारून सोडलं तर ती मिळत नाही. जखम तीच असते. खांदा तोच असतो.

मला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम मिळालं. परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवरून नेऊन जागेवर लावायची. ते काम मला आवडायचं. तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही आणि कानातली शिट्टी आपली आपल्याला ऐकू येते. पण डावा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. पहिल्यांदा वरचे दोन कप्पे सुटले, मग वजनदार खंड. त्यांनी माझे तास अर्धे केले. पुढे काकींचे गुडघे गेले आणि त्यांनी कॅन्टीन सोडलं. माझे आईवडील तोपर्यंत राहिले नव्हते. दोन घरांचा खर्च माझ्या अर्ध्या पगारात बसेना. काकींचं घर विकायचं आणि मधलं दार परत विटांनी बुजवायचं, एवढाच मार्ग उरला होता. घरांच्या एजंटने येऊन त्या दाराच्या चौकटीवर टेप लावून मापं घेतली.

माजी सैनिकांना मदत करणाऱ्या एका संस्थेत मला मिसेस हॉलंड भेटल्या. पूर्वी आर्मीत नर्स होत्या, आणि भेटेल त्याला लव्ह म्हणत. त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा डबा असे आणि समोरच्याने एक घेतल्याशिवाय त्या बोलायला सुरुवात करत नसत.

"लव्ह, तुझा खांदा कोणी नाकारत नाहीये," त्या म्हणाल्या. "कानही नाही. डिस्चार्ज बदलून मेडिकल करून घ्यायचा असेल तर आड येतोय तो एकच शब्द. तुमच्या भाषेत कझिनला काय म्हणतात?"

"चुलतभाऊ."

"त्यातलं भाऊ म्हणजे?"

"ब्रदर."

त्यांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. "मग झालं की. तू तुझ्या भाषेत विचार केलास आणि इंग्रजीत तो शब्द चुकीचा आला. प्रामाणिक चूक."

"पण मी इथेच जन्मलो, मिसेस हॉलंड. आम्ही दोघं इंग्रजीतच बोलायचो. अमोलला तर हेल्मेटचं लिंगसुद्धा येत नव्हतं."

"हे," त्या म्हणाल्या, "कृपा करून तुझा अर्ज ऐकणाऱ्या मंडळासमोर बोलू नकोस."

मी घरी येऊन दोन आठवडे काहीच केलं नाही. कॅप्टनच्या टेबलावर जी सही केली नव्हती, तीच आता माझ्या अर्जात, माझ्याच शब्दांत, मला लिहायची होती. मी चुकलो. तो भाऊ नव्हता.

काकींनी एकदा चहा ढवळत विचारलं, "कुठे अडलंय?"

मी सांगितलं.

"एवढंच? लिहून टाक."

"काकी, मी त्यांना सांगायचं की अमोल माझा कोणी नव्हता?"

"कोणी नव्हता असं कुठे म्हणतायत ते? कझिन म्हण म्हणतायत ना. म्हण." त्यांनी बशी पुढे सरकवली. "त्यांच्याकडे तेवढाच शब्द आहे, त्याला ते तरी काय करतील? पण मी येणार तुझ्याबरोबर."

"कशाला? बोलायचं मला आहे."

"तू गप्प बसतोस. लहानपणापासून. मागच्या खेपेला गप्प बसलास म्हणून तर हे झालं."

सेवामुक्तीच्या तक्रारी ऐकणारं मंडळ लंडनमध्ये बसायचं. खोली लहान होती आणि खिडकीतून मागच्या इमारतीचे पाइप दिसत. समोर तीन जण होते. मध्ये एक निवृत्त ब्रिगेडियर, त्यांच्या डाव्या हाताला डॉक्टर, उजव्या हाताला एक वकील बाई. मिसेस हॉलंड माझ्या बाजूला, काकी मागच्या खुर्चीत. काकींनी चांगली साडी नेसली होती, वर जाडा कोट होता, आणि तो काढायला त्या तयार नव्हत्या.

डॉक्टरांनी खांद्याचे आणि कानाचे प्रश्न विचारले. रात्री झोप लागते का, असंही विचारलं. मी कधीकधी लागते म्हणालो. मग ब्रिगेडियरांनी रेडिओ लॉगचं पान काढलं आणि वाचलं. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते फार लहान वाटलं.

"मिस्टर शिंदे, प्रायव्हेट शिंदे तुमचा भाऊ होता का?"

माझं उत्तर पाठ होतं. नाही सर, तो माझा कझिन होता, मातृभाषेच्या सवयीमुळे मी चुकीचा शब्द वापरला. मिसेस हॉलंडनी ते माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं होतं.

"तो माझ्या वडिलांच्या भावाचा मुलगा होता, सर."

"म्हणजे कझिन."

"तुमच्याकडे तोच शब्द असेल तर, सर."

मिसेस हॉलंडनी टेबलाखाली माझा पाय दाबला. ब्रिगेडियरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांनी मागे पाहिलं.

"मिसेस शिंदे, आपण मृत सैनिकाच्या आई. आपलं दुःख आम्ही जाणतो. फक्त नोंदीसाठी विचारतो. अमोलच्या मागे घरात कोण कोण राहिलं?"

काकी उभ्या राहिल्या. बसून बोला, असं त्यांनी सांगितलं, पण त्या उभ्याच राहिल्या. शाळेच्या कॅन्टीनमध्ये तीनशे मुलांना ऐकू जावं अशा आवाजात त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी. अँड हिज ब्रदर."

"आपल्याला कझिन म्हणायचंय."

"येस येस," काकी म्हणाल्या. "दॅट ऑल्सो."

वकील बाईंनी मान खाली घातली. डॉक्टर खिडकीकडे पाहत राहिले. ब्रिगेडियरांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग त्यांनी आमचे आभार मानले. आम्ही उठलो तेव्हा तेही उठले आणि काकी दाराबाहेर पडेपर्यंत उभे राहिले.

निकाल ख्रिसमसच्या आधी आला. माझा डिस्चार्ज वैद्यकीय करण्यात आला. पेन्शन सुरू झाली. काकींचं घर राहिलं, दारही राहिलं. निकालात एक वाक्य होतं, की अर्जदाराने मृताचा उल्लेख भाऊ असा केला ही सांस्कृतिक आणि भाषिक कारणांमुळे सद्भावनेने झालेली चूक असल्याचं मंडळ मान्य करतं. मिसेस हॉलंडनी फोनवर ते वाचलं आणि म्हणाल्या, "बघ, किती सभ्यपणे लिहिलंय." त्यांनी माझ्यासाठी खूप केलं होतं. मी त्यांना थँक यू म्हणालो. दर महिन्याला जे पैसे येतात ते त्या वाक्यावर उभे आहेत. मी ते घेतो. नाकारण्याइतका मी श्रीमंत नाही आणि काकींचे गुडघे माझ्या अभिमानाहून महत्त्वाचे आहेत. पण पेन्शनचा दिवस मला आवडत नाही.

निकालानंतरच्या पितृपक्षात काकींनी घरी अमोलच्या नावाने पाणी द्यायचं ठरवलं. लीड्समध्ये गुरुजी मिळणं कठीण. मग निखिल नावाचा मुलगा मिळाला. पुण्याचा, वर्क व्हिसावर आलेला, सोमवार ते शुक्रवार एका बँकेत सॉफ्टवेअर तपासायचा आणि वीकेंडला पूजा सांगायचा. आजोबांकडून शिकला होता. रविवारी सकाळी तो आला, लॅपटॉप बॅगेतून पोथी आणि सोवळं काढलं, आणि आधी मोबाइल सायलेंटवर टाकला.

"सॉरी दादा, लास्ट संडेला ऑन-कॉल होतो, नाहीतर तेव्हाच आलो असतो."

"चालेल रे."

"गुडघे दुखत असतील तर काकू खुर्चीवर बसू देत. काही प्रॉब्लेम नाही."

"मी कुठेही बसेन," काकी म्हणाल्या. "तू नीट सांग म्हणजे झालं."

तीळ, दर्भ, तांब्याचं ताम्हन. माझे आजोबा झाले, वडील झाले, आई झाली, काका झाले. प्रत्येकाचं नातं सांगायचं, नाव सांगायचं, मग ओंजळीतलं पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडायचं. डावा हात उजव्याला धरून ठेवणं मला जड जात होतं.

"पुढचं?" निखिलने विचारलं.

"अमोल. भाऊ."

त्याने पोथीवर बोट ठेवलं. "सख्खे की चुलत? मंत्रात शब्द वेगळा येतो, म्हणून विचारतोय."

हे मला माहीत असायला हवं होतं. मंडळाला दिलेल्या अर्जात आम्ही लिहिलं होतं की आमच्या भाषेत हा भेद नसतो. आणि एक पुण्याचा मुलगा माझ्याच घरात, माझ्याच भाषेत, तोच प्रश्न सरळ विचारत होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. कॅप्टनचंही बहुधा चुकलं नव्हतं. मी ओंजळ धरून बसलो. बोटांच्या फटीतून पाणी गळत होतं.

"दादा?"

काकी मागून म्हणाल्या, "दोन्ही शब्द येतात का रे तुला?"

"येतात की. पण एकच म्हणायचा असतो, काकू."

"मग कुठलाही म्हण. नाव मात्र नीट घे. तो नावाला ओ द्यायचा."

निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने एक शब्द म्हटला. शिट्टीमुळे मला तो नीट ऐकू आला नाही आणि मी तो पुन्हा विचारला नाही. मग त्याने नाव घेतलं, अमोल, सावकाश, आणि मी पाणी सोडलं.